उपाशीपोटी

सकाळी सहाला मी लोकांच्या दारात उभी असते
आणि विचारते, "काही खाल्लं नाही ना?"
"चहासुद्धा नाही," ते सांगतात,
गृहपाठाची वही पुढे करावी तसं.
बारा तासांचा कडकडीत उपास,
देवासाठी नव्हे, साखरेसाठी.

मी दंडाला पट्टा आवळते, शीर चाचपते.
करड्या झाकणाच्या नळीत आजची साखर,
जांभळ्या झाकणाच्या नळीत तीन महिन्यांचा हिशेब:
भाचीचं लग्न, लपवून खाल्लेली काजूकतली.
रक्त काही विसरत नाही.

चेंबूर कॅम्पातले वझिरानी, टिळकनगरच्या ओकबाई,
सुई निघताक्षणी आतून मोहरी तडतडते.
"कापूस दाबून धरा," म्हणते आणि निघते.
अजून सात घरं.

माझा उपास कुणी मोजत नाही.
डिकीत क्रीमच्या बिस्किटांचा पुडा,
सिग्नलला थांबून दातांनी फोडायचा.
दुपारी लॅबच्या कोपऱ्यात कपातले नूडल्स,
उकळतं पाणी, तीन मिनिटं,
वेष्टणावर अख्खं गाजर,
आत साबुदाण्याएवढे चार ठिपके.
रात्री पाय गळून गेलेले, फोनवर नुसतं बोट,
आणि एकतीस मिनिटांत दारात एक मुलगा.
त्यानं स्वतः काय खाल्लंय
हे मी कधी विचारलं नाही.

एका रिकाम्या दुपारी तांबोळीनं
माझंच रक्त मशीनला लावलं.
सहा पूर्णांक एक. वय चौतीस.
बोलली काहीच नाही, आकड्याभोवती पेनानं गोल केला.
असली पाकिटं मी रोज वाटते,
"डॉक्टरांना दाखवा हं," म्हणते.
माझं मी घडी घालून डिकीत टाकलं,
बिस्किटांच्या शेजारी.

मग कधीतरी मटकी भिजत घातली.
शहाणपण सुचलं म्हणून नव्हे,
डब्यात तेवढीच उरली होती.
सकाळी पाणी निथळलं, फडक्यात बांधली,
खिडकीच्या गजाला अडकवून गेले.
दिवसभर मी जिने चढत होते,
वॉचमनशी पार्किंगवरून भांडत होते,
आणि इकडे घरात कुणीतरी
माझ्यासाठी राबत होतं, बिनपगारी, बिनबोभाट.
रात्री गाठ सोडली,
दाण्यादाण्याला शेपूट.

वेळ नाही, वेळ नाही, म्हणत होते मी.
मटकीला होता.

आता देवनारच्या सिग्नलला मी डबा उघडते.
वाफवलेली मटकी, लिंबू, मीठ,
कांदा चिरायचा कंटाळा नसेल तर कांदा.
चमचा हमखास विसरलेला.
शेजारचा रिक्षावाला वाकून बघतो,
"मॅडम, उपास आहे का?"
"नाही हो," मी म्हणते, "सुटलाय."

फार काही बदललंय असं नाही.
गुरुवारी वडापाव खाल्ला, दोन,
सुकी चटणी मागून घेऊन,
आणि झकास होता, खोटं कशाला बोलू.
पुडा अजून डिकीतच आहे. मऊ पडलाय.

तांबोळी म्हणते, थांब जरा,
पेशी मरतात, नव्या येतात,
चार महिन्यांत रक्तसुद्धा विसरतं.

परवा रात्री बेल वाजली.
पार्सल समोरच्यांचं होतं, दार चुकलं होतं.
मुलगा जिना चढून धापा टाकत होता.
सवयीनं तोंडून निघणार होतं, काही खाल्लं नाही ना,
जीभ वळवून विचारलं,
"काही खाल्लंस का?"
तो फोनवरच्या मिनिटांकडे बघून हसला.
"कुठला टाइम, ताई?"

मूठभर मटकी त्याच्या तळव्यावर ठेवली.
एकेक दाणा तोंडात टाकत
तो तीन मजले उतरला.
मी आत येऊन फडकं धुतलं,
उद्याची गाठ बांधली.